मागचं चाक

जर्सीचे पैसे टॉवेलवाल्या म्याकल शेठनी दिले,
म्हणून पाठीवर त्यांच्या दुकानाचा फोन नंबर,
त्यातला एक आकडा छापणाऱ्यानं चुकवलेला.
दोन दिवस लोक आमच्या पाठी वाचून
भलत्याच कुणाकडं चादरी मागत होते, असं शेठ म्हणतात.

शनिवारी पहिला टप्पा, होटगी रोडला, एकेकट्यानं, घड्याळाशी.
वीस किलोमीटर. जाताना वारा समोरून, आणि
शपथ घेऊन सांगतो, येतानाही समोरूनच.
पुण्याच्या पोरांच्या चाकांतून पलीकडचं दिसत नव्हतं,
परातीसारखी भरीव, शेजारून गेली की घोंऽ.
माझ्या मागच्या चाकाची एक तार आठ महिन्यांपासून सैल :
टिक्. टिक्. टिक्.
मी सत्तेचाळीसचा, वायंडिंग खात्यातला. एकशे चौदावा आलो.
माझ्यामागं तिघं होते. त्यातला एक रस्ता चुकला होता.

संध्याकाळी जुळे सोलापुरात बारा फेऱ्या.
सहाव्या फेरीला इडलीच्या गाडीमागून कुत्रं आलं,
इलियास बागवान कोपरावर घसरत दुभाजकापर्यंत गेला,
उठला, सायकल बघितली, चेन बसवली,
मग कोपर बघितलं,
मग तेलुगूत शिवी दिली.
बोली त्याची दखनी, शिव्या आमच्या गल्लीच्या.

रात्री सगळे गुंडेटीच्या कारखान्यात,
मागांच्या मधल्या बोळात सतरंज्या टाकून.
कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. नरसिंग नुसता भात खातो,
कुणीतरी सांगितलंय त्याला.
गुंडेटीनं आमच्यासाठी रात्रपाळी बंद ठेवली
आणि तिथंच घोटाळा झाला :
माग बंद असले की पूर्वभागातल्या माणसाला झोप लागत नाही.
सहा जण अंधारात, डोळे उघडे.
इलियास तेवढा कोपरावर फुंकर घालत होता.

रविवारी तुळजापूर.
नरसिंग एकोणीसचा, एक्कावन्न किलो,
मेडिकलची औषधं पोचवतो चौथ्या मजल्यांवर.
एकूण यादीत नववा. आमच्यातलं कुणी
आजवर कशातच नववं आलेलं नव्हतं.
काम एवढंच, घाट येईपर्यंत त्याला वारा लागू द्यायचा नाही,
पेटलेली काडी ओंजळीत धरून नेतात तसं.

तामलवाडीच्या पुढं फुस्स.
त्याचंच. मागचं.
आमचा टॉवेलांचा टेम्पो टोलनाक्याच्या रांगेत.
"काय बघलालास बे, काढ की!"
हे मी मलाच म्हणालो बहुतेक, कारण
चाक माझं निघालं होतं आणि माझ्याच हातात होतं.
वीस सेकंद लागले. गुंडेटी म्हणतो चाळीस.
ढकलून दिलं. गेला. वळून बघितलं नाही.
बघू नये असं मीच शिकवलेलं.

मग एकचाकी सायकल आणि मी, करडईच्या कडेला.
ज्वारी काढून मोकळी झालेली रानं.
मोटरसायकलवरचे दोघं थांबले.
"चाक विकलं का काका?"
"उसनं दिलंय."
"परत येतंय का?"
"बघू."
हरभऱ्याचे डहाळे दिले, बसले जरा, गेले.

दीड तासानं पलीकडच्या रस्त्यानं शिट्ट्या,
मग चार जण, मग बराच वेळ कुणी नाही,
मग सातआठ जणांचा घोळका,
सगळे वाकलेले, हेल्मेटं सारखीच.
मी त्याला ओळखलं नाही.
दुभाजकापलीकडून, त्या घोंऽ घोंऽच्या मधून,
टिक्टिक्टिक्टिक्
माझं चाक सोलापूरकडं जाताना ऐकलं,
मी कधीच नेलं नव्हतं त्या वेगात.
हातात हरभरा तसाच.

तो सातवा आला. माझ्या नावापुढं रेघ.

सोमवारी पाळीच्या वेळी चाक दाराशी टेकवलेलं,
पुसलेलं, हवा भरलेली.
पोरानं ती सैल तारही आवळून दिली होती, न विचारता.
चांगलंच केलं.

बसवलं, निघालो.
अशोक चौकापर्यंत दोनदा थांबून मी मागं बघितलं.